पाण्यात उतरण्याची परवानगी

॥ श्री ॥

अलिबाग,
मंगळवार, १४ जानेवारी १९६९

तीर्थरूप बाबांच्या चरणी उकंडाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र आणि आईने पाठवलेला तिळाच्या लाडवांचा डबा एकाच दिवशी पोचला. डबा मी उघडला आणि खोलीतल्या तिघांनी रिकामा केला. त्यात वैजापूरकडचा कारभारी नावाचा मुलगा पुढे होता. हा गडी कुस्ती खेळतो, वजन माझ्या दीडपट, आणि लाडू खाताना डोळे मिटून घेतो. आईला सांगा, तिच्या लाडवांना एका पहिलवानाने नमस्कार सांगितला आहे. सिंधूला सांगा, तिने मागितलेले शिंपले जमवतो आहे. पण अभ्यासात मागे राहिली तर एकही मिळणार नाही.

आमच्या शारीरिक शिक्षण वर्गाचे आता तीन महिने राहिले. कवायत, लेझीम, मल्लखांब यांत माझं ठीक चाललं आहे. पोहण्याची परीक्षा मात्र राहिली आहे. ती रविवारी, ९ फेब्रुवारीला आहे, सहलीच्या दिवशीच. इथून दक्षिणेला समुद्रालगत एक मोठं राखीव जंगल आहे. पूर्वी ते जंजिऱ्याच्या नवाबाच्या शिकारीचं रान होतं. पहाटे एसटीने निघायचं, जंगलातून डोंगर चढायचा, वर पाण्याचा झरा आहे तिथे भाकरी खायची आणि पलीकडच्या अंगाने समुद्रावर उतरायचं. तिथे पोहण्याची परीक्षा. आमचे तांडेल सर इथल्याच कोळीवाड्यातले. ते म्हणतात, त्या दिवशी अष्टमीच्या सुमाराला पाण्याला जोर नसतो, भिण्याचं कारण नाही.

पोहण्यात नापास झालो तर प्रमाणपत्र मिळत नाही आणि प्रमाणपत्राशिवाय शाळेत नोकरी नाही. सोबत पालकाच्या संमतीचा फॉर्म पाठवतो. खाली सही करून उलट टपाली पाठवावा. तुम्ही मला आजवर विहिरीच्या काठाशीही जाऊ दिलं नाहीत हे मला माहीत आहे. म्हणूनच इतकं सविस्तर लिहिलं.

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. सहीची वाट पाहणारा, तुमच्या आशीर्वादातला,

उकंडा

&nbsp;

॥ श्री ॥

जानेफळ,
सोमवार, २० जानेवारी १९६९

चिरंजीव उकंडास माणिकरावाचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. दोन दिवस ते कोपरीच्या खिशात घेऊन फिरतो आहे. गव्हाला तिसरं पाणी चालू आहे. सिंधू तुझ्या शिंपल्यांसाठी डबा रिकामा करून बसली आहे.

फॉर्म सही न करता परत पाठवतो. रागावू नकोस, कारण समजून घे. तुझ्या आधी आमची तीन मुलं गेली. दोन बाळंतघरातच, आणि गोविंदा सात वर्षांचा होऊन, तापाने. तुला हे ठाऊक आहे. तू झालास तेव्हा पाचव्या दिवशी तुला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. बीबी गावाहून तुझी आत्या आली होती. तिने तुला टाकलेलं पोर म्हणून उचललं, पदराखाली घेतलं, आणि तू तिचा झालास. मग तुझ्या आईने सूपभर कोंडा देऊन तुला सांभाळायला मागून घेतलं. उकिरड्याला आपल्याकडे उकंडा म्हणतात, तुझं नाव त्यावरूनच पडलं.

लोक हे नावापुरतं करतात आणि विसरतात. मी विसरलो नाही. देवासमोर जे बोललो ते बोललो. तुझं जावळ, तुझी शाळा, तुझं अलिबागला जाणं, सगळं आत्याच्या तोंडून हो आल्यावरच केलं. मग जिथे तुझ्या जिवाचा प्रश्न आहे तिथे मी बाप म्हणून कोणत्या अधिकाराने सही करू? तुझ्या सरांना तसं एका चिठ्ठीत लिहून फॉर्मला जोडलं आहे. अक्षर नीट काढलं आहे. आत्याला आजच पत्र टाकतो. ती जे म्हणेल ते होईल.

जेवण वेळेवर घेत जा. दिवा लावताना तुझं नाव घेतो आहे, रोज घेत राहीन.

तुझा,
बाबा

&nbsp;

॥ श्री ॥

जानेफळ,
सोमवार, २० जानेवारी १९६९

तीर्थस्वरूप झुंबरबाईस धाकटा भाऊ माणिक याचा साष्टांग नमस्कार.

बाई, उकंडाच्या वर्गाची सहल समुद्रावर जाणार आहे आणि तिथे पोहण्याची परीक्षा आहे. बापाची सही मागतात. तू त्याला उचललंस, तेव्हा शब्द तुझा. नको म्हणालीस तर मी त्याला तसं कळवीन, तुझं तो ऐकतो. नोकरी दुसरी मिळेल. मी सही का करू शकत नाही हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

काल देवळात गेलो आणि प्रदक्षिणा किती झाल्या हेच समजेना. उत्तर लवकर दे. थोरलेपणाची माया आहे तशीच असू दे.

माणिक

&nbsp;

॥ श्री ॥

अलिबाग,
शनिवार, २५ जानेवारी १९६९

तीर्थरूप बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र काल मिळालं. तुम्ही काय केलंत हे तुम्हाला कळावं म्हणून लगेच लिहितो आहे.

चिठ्ठी तांडेल सरांनी वाचली आणि त्यांना काही उलगडेना, म्हणून त्यांनी ती प्राचार्यांकडे नेली. प्राचार्यांनी मला उभं करून विचारलं की मी दत्तक गेलो आहे का. नाही म्हणालो. त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. म्हणाले, इथे तर बाप स्वतः लिहितो की मुलगा बहिणीचा आहे. मग माझ्या दाखल्यावर बापाचं नाव माणिकराव कसं? फी-माफीच्या अर्जावर सही कोणाची? मी उकिरड्याची गोष्ट सांगितली. ते पुण्याचे आहेत. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि दोन वेळा विचारलं, की खरोखरच्या उकिरड्यावर? खरा खुलासा लेखी येईपर्यंत सहल नाही, परीक्षा नाही, आणि दाखल्याचंही पाहावं लागेल, असं त्यांनी सांगितलं.

दाराबाहेर पोरं होतीच. संध्याकाळपर्यंत सगळ्या वसतिगृहाला कळलं. कोणी विचारतं, उकंडराव, कोंड्याचा भाव काय आता? एकटा कारभारी हसला नाही. म्हणाला, माझ्या आजीनं माझ्या काकाला धोंड्याच्या बदल्यात विकत घेतलं होतं, तुझी आई तरी कोंडा मोजून बसली.

बाबा, मी तुमचं आजवर सगळं ऐकलं. नदीवर गेलो नाही, लोणारच्या झऱ्याच्या धारेवर अंघोळीला शाळेची सहल गेली तेव्हा मी एकटा वर बसून सगळ्यांचे कपडे राखले. मी कारण विचारलं नाही. आता मला वाटतं की तुम्हाला नाही म्हणायचं आहे आणि ते आत्याबाईच्या तोंडून वदवून घ्यायचं आहे. तसं असेल तर तुम्हीच नाही म्हणा. मी ऐकीन. पण मी तुमचा नाही असं पुन्हा कोणाला लिहू नका.

तुम्ही लिहिलेलं सगळं आत्याबाईलाही वेगळ्या पत्राने कळवतो आहे. दुसरा फॉर्म सोबत आहे. ८ तारखेपर्यंत इथे पोचायला हवा. उद्याच्या संचलनात मी डाव्या रांगेत पहिला आहे, हे आईला सांगा.

उकंडा माणिकराव

&nbsp;

॥ श्री ॥

बीबी,
बुधवार, २९ जानेवारी १९६९

चि. माणिकले झुंबरबाईचा आशीर्वाद. लिहिणार बेबी, सून. सासूबाई सांगतात तसंच्या तसं लिहिते आहे, शब्दाला मी जबाबदार नाही.

माणिक, तुयं पत्र आलं, पोराचंबी आलं. दोन्ही एकाच दिशी बेबीनं वाचून दाखोले. आधी तुयं ऐकलं तं मले हासू आलं. मंग त्याचं ऐकलं तं हासू गेलं.

आपून पोरगं उकिरड्यावर ठेवलं ते मरणाले फसवाले, बाबा. कॉलेजच्या सायबाले फसवाले नाही. म्या उचललं, वहिनीनं कोंडा देला, म्या तिले पोरगं देलं. व्यवहार त्याच सकाळी मिटला. तो कोंडा आमच्या म्हशीनं त्याच दिशी खाल्ला. वीस वर्सं झाले, म्हैसबी गेली. आन तू अजून माया पदरात पोरगं शोधून राह्यला?

जावळाले इचारलं, शाळेले इचारलं, मले बरं वाटलं, म्या हो म्हटलं. पण आता तू इचारत नाहीस. आता तू मायामागं लपून राह्यला. मी नाही म्हणावं आन पाप माया माथ्यावर यावं, असं तुले पाह्यजे. मी नाही म्हणत नाही, हो बी म्हणत नाही. सही बापानं करा लागते.

आता दुसरी गोष्ट आयक, खाली बसून आयक. तुया पोराले पोहता येते. चौथीच्या सुट्टीत इकडं आला तवा आमच्या मळ्यातल्या विहिरीवर सारे पोरं उड्या मारत, आन हा काठावर उभा राहून थरथरे. भेवानं नाही, हौशेनं. म्हटलं, हा लपून कधी ना कधी उतरीनच, त्यापेक्षा डोयासमोर उतरू दे. तुया भावजीनं शिकवलं. दोन सुट्ट्या पाठीचा भोपळा सोडू देला नाही म्या. कमरेले दोर, दोराचं टोक माया हाती. उनात उभी राहून राहून माया पायाले फोड आले. जानेफळले धाडताना डोक्याले तेल चोपडून देत होती, केसाले विहिरीच्या पाण्याचा वास येऊ नाही म्हणून. तू म्हणत होता, बाई, पोराले लई तेल लावतं तू.

म्या तुले सांगतलं नाही. ते मायं चुकलं असंन. पण तुयं त्याहून मोठं चुकलं. गोविंदा तापानं गेला असं तू त्याले आजबी लिहितं? माणिक, ते पोरगं समुद्रात उतरन तवा त्याले ठाऊक पाह्यजे का बाप काऊन भेते. तू सांगितलं नाही तं मी सांगन. पण माया तोंडून आयकलं तं त्याले वाटन, बाप आपल्याले परका समजते. तूच सांग.

वहिनीले इचारजो. सिंधूले गालाले हात लाव. आठ दिवसांत पोराले कागद पोचला नाही तं मी एसटीत बसून तिकडं येईन, मंग पाह्यजो.

(बेबीचा नमस्कार, मामंजी. सासूबाई सांगताना दोनदा उठून मोरीवर गेल्या, तोंड धुऊन आल्या. तेवढं लिहिलं नव्हतं, म्हणून लिहिलं.)

&nbsp;

॥ श्री ॥

जानेफळ,
सोमवार, ३ फेब्रुवारी १९६९

चिरंजीव उकंडास अनेक आशीर्वाद.

फॉर्मवर सही केली आहे. सोबत प्राचार्य साहेबांना वेगळा कागद आहे. त्यात लिहिलं आहे की उकंडा हा माझा औरस मुलगा आहे, आमच्याकडच्या एका रिवाजाचा मी भलत्या ठिकाणी आधार घेतला, मुलाचा काही दोष नाही, माफी असावी. तुला चार पोरांत मान खाली घालावी लागली, त्याची माफी मी तुझ्याकडेही मागतो.

आता जे लिहितो ते वाचून मग जायचं की नाही ते तू ठरव. हे पत्र चार वेळा सुरू केलं आणि फाडलं.

गोविंदा तापाने गेला नाही. मी तुला तसं सांगत आलो आणि मागच्या पत्रातही तेच खोटं लिहिलं. मी तरुणपणी पट्टीचा पोहणारा होतो. विहिरीचा तळ गाठून मूठभर गाळ वर आणणारा गावात मी एकटा. गोविंदाला मीच पोहायला शिकवत होतो. चैत्र होता, विहिरीला दोन पुरुष पाणी होतं. तिसऱ्याच दिवशी मी त्याच्या पाठीचा भोपळा सोडला. पोटाखाली माझा तळहात होता. काठावर सात-आठ जण जमले होते. त्यांच्यातलं कोणी म्हणालं, माणिक, पोरगं पोहून राह्यलं, काढ की हात. मी काढला. त्याने चार हात मारले. लोक वा वा करू लागले आणि मी वर त्यांच्याकडे पाहून हसलो.

मी किती वेळ वर पाहत होतो ते मला आजही सांगता येत नाही. एक श्वास असेल. दोन असतील. खाली पाहिलं तेव्हा तो तिथे नव्हता. मोटेच्या अंगाला विहिरीत एक कपार आहे. तिसऱ्या बुडीत हाताला लागला.

त्या दिवसापासून मी पाण्यात उतरलो नाही. तुझी आई मला त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, आणि ती बोलली असती तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलं. देवासमोर बसतो तेव्हा मी काही मागत नाही. मागायचं तोंड राहिलं नाही. तुला उकिरड्यावर ठेवलं तेव्हा लोकांना वाटलं मरणाला चकवतो आहे. मला मनातून वाटत होतं, हे पोर माझ्या हातात राहू नये, दुसऱ्या कोणाचं होऊन जगावं. म्हणून आत्याचा शब्द मी इतका धरून बसलो. हे मला स्वतःलाही बाईचं पत्र आल्यावर कळलं.

तू बीबीच्या विहिरीत पोहायला शिकलास हे तिने लिहिलं आहे. ते वाचून मी उठून अंगणात गेलो. राग आला का, तर आला. मग बराच वेळ वाटत राहिलं की तुला पोहताना एकदा पाहायला हवं होतं.

हे पत्र टाकायला मी मेहकरला जातो आहे, तिथून तातडीच्या टपालाने लवकर जाईल. कधी पोचेल ते परमेश्वराला ठाऊक. पोचलं तर तू जा, ही माझी संमती आहे. आत्याची नव्हे, माझी.

तुझे वडील,
माणिकराव

&nbsp;

॥ श्री ॥

जानेफळ,
रविवार, ९ फेब्रुवारी १९६९

चिरंजीव उकंडास आशीर्वाद.

फॉर्म पोचला की नाही हे कळलेलं नाही, म्हणजे तू आता एसटीत आहेस की वसतिगृहात, ठाऊक नाही. तरी सकाळपासून मी तू तिकडेच आहेस असं धरून चाललो आहे. उजाडलं तेव्हा म्हटलं, जंगलात शिरले असतील. न्याहारीच्या वेळी म्हटलं, डोंगर चढत असतील. सिंधूने विचारलं, बाबा, कोणाशी बोलता? मी म्हटलं, बैलाशी. बैल गोठ्यात होता.

दुपारी लिहितो आहे, बांधावर बसून. गव्हाला पाणी सोडलं आणि दांड फोडायचा विसरलो. पाणी शेजारच्या वामनरावांच्या हरभऱ्यात गेलं. ते धावत आले. माणिकराव, म्हणाले, माया हरभऱ्याले गंगास्नान घालून राह्यले काय? मग माझं तोंड पाहून त्यांनी माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि स्वतःच पाणी वळवलं. काही न विचारता अर्धा तास माझ्या शेतात राबले. माणूस तसा चांगला आहे, हरभरा मात्र पिवळा पडणार.

तुझी आई भाकरी घेऊन आली. एरवी सिंधू आणते. गोविंदा गेल्यापासून तुझी आई या विहिरीवर आली नव्हती, ती आज येऊन थेट काठावर बसली. मी काय लिहून पाठवलं ते तिला सांगितलं होतं. आज भाकरी सोडून तिने विचारलं, समुद्राले काठ किती दूर असते? मी म्हटलं, मी पाहिलेला नाही. ती म्हणाली, विहिरीले तरी चारी बाजूनं काठ असते. मग तिने विचारलं, पोरं पाण्यातून बाहेर कधी येतीन? म्हटलं, उन्हं कलली की येतील. मग ती उठलीच नाही. म्हणाली, तुम्ही जा, पाणी पाहा, मी बसते.

उन्हं कलत आली आहेत. ती आत्तापर्यंत तिथेच होती. मी दोन वाफे भरून तिच्याजवळ जाऊन बसलो. दोघेही खाली पाण्याकडे पाहत होतो. तिने माझ्या खांद्यावर हात टेकून उठायला आधार घेतला. इतकंच. एकवीस वर्षांत तिने असा आधार घेतला नव्हता.

आता दिवेलागण होईल. तुम्ही बाहेर आला असाल. आला असाल ना? उद्या सकाळी हे पत्र पेटीत टाकतो. तुझं पत्र यायला गुरुवार उजाडेल. तोवर मी काय करू, ते तूच सांग.

तुझी खुशाली ऐकायला कान लावून बसलेला,
बाबा

&nbsp;

॥ श्री ॥

अलिबाग,
सोमवार, १० फेब्रुवारी १९६९

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांच्या चरणी उकंडाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आधी हे लिहितो की मी सुखरूप आहे. परीक्षा पास झालो. आता पुढचं सावकाश वाचा.

तुमचं पाकीट शनिवारी दुपारी मिळालं. प्राचार्यांनी त्यांचा कागद वाचला, फॉर्मवर शिक्का मारला आणि मला एवढंच विचारलं की वडील किती शिकले आहेत. चौथी, म्हणालो. त्यांनी कागदाची घडी घालून स्वतःच्या खणात ठेवली. माझ्या नावाचं पत्र मी समुद्रावर जाऊन वाचलं. वाचून झाल्यावर जायचं नाही असं ठरवलं. खोलीवर आलो तर कारभारी माझी पिशवी भरून बसला होता. त्याला म्हटलं, मी येत नाही. तो म्हणाला, मला पोहता येत नाही तरी मी जाऊन राहिलोय, तुला येतं ना? मग चल, मला बाहेर काढायला कोणी तरी ओळखीचं पाहिजे.

जंगल फार दाट आहे, बाबा. आपल्याकडच्या अंबाबरव्याच्या रानासारखं उघडं नाही. झाडावर मांजराएवढी मोठी खार पाहिली, तिला इकडे शेकरू म्हणतात. चढणीवर कारभारीचा श्वास फुलला, दर फर्लांगाला तो बसे आणि म्हणे की जंगल बघून घेऊ द्या, घाई काय आहे. वर दगडांत पाण्याचा डोह आहे. त्याला हे लोक गाण म्हणतात. तिथे गार सावलीत भाकरी खाल्ली. मग उतरताना एका वळणावर झाडं संपली आणि समोर नुसतं पाणी. आई, तू विचारशील म्हणून सांगतो, समुद्राला काठ एकच असतो. दुसरा दिसत नाही.

परीक्षेत दोन बावट्यांमधलं अंतर होतं, ते मी पोहून गेलो आणि परत आलो. तांडेल सरांनी विचारलं, विदर्भातल्या पोराला हे हात कोणी शिकवले? मी म्हणालो, आत्याबाईच्या विहिरीत शिकलो. तुमच्यापासून इतकी वर्षं लपवलं, बाबा. त्याची माफी मागतो. केसांना तेल लावलेलं असायचं ते मलाही आवडत नव्हतं.

मग सरांनी पोहणाऱ्या प्रत्येकाकडे एक न पोहणारा दिला; त्यांना पास व्हायला नुसतं तरंगून दाखवलं तरी चालणार होतं. माझ्याकडे अर्थातच कारभारी. छातीएवढ्या पाण्यात त्याला उताणा झोपवायचं आणि पाठीखाली हात धरायचा. एवढा पहिलवान, पण दात वाजत होते. मी तळहात लावला. हळूहळू त्याचं अंग सैल झालं. सर काठावरून म्हणाले, उकंडा, तो तरंगतो आहे, हात काढ.

मला काढता येईना. सर पुन्हा म्हणाले, मग ओरडले. बाकीची पोरंही ओरडायला लागली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला नुसता कारभारीचा चेहरा दिसत होता आणि तुमच्या पत्रातलं तुमचं अक्षर. मी तसाच उभा होतो. किती वेळ ते मलाही सांगता येणार नाही.

शेवटी कारभारीच म्हणाला, बास झालं रे, गुदगुल्या होऊन राहिल्या. आणि त्याने पाण्यातून हात घालून माझं मनगट धरलं आणि बाजूला केलं. स्वतः. तो पाण्यावर राहिला. मी माझा हात त्याच्या पाठीखाली वीतभर अंतरावर तसाच धरून ठेवला होता, ते त्याला कळलं नाही. सरांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर बोलावलं तोपर्यंत मी त्याच्यावरची नजर काढली नाही.

परतताना एसटीत तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. मला झोप आली नाही.

होळीला चार दिवस सुट्टी आहे. मी येतो आहे. बाबा, मला तुमच्याकडून गोविंददादाबद्दल सगळं ऐकायचं आहे. तो कसा दिसायचा, काय बोलायचा, त्याला काय आवडायचं. नुसतं ते चैत्रातलं नको, त्याच्या आधीची सात वर्षं सांगा. आईलाही सांगायला बसवा.

तुमच्या दोघांच्या मायेत असाच राहू इच्छिणारा,

तुमचा धाकटा मुलगा,
उकंडा